परदेशातील एमबीएसाठी विद्यार्थी व्हिसा: कामांचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

बिझनेस स्कूलचे प्रवेशपत्र आले की पुष्कळ विद्यार्थी त्याच दिवशी व्हिसाच्या मुलाखतीची तारीख शोधू लागतात आणि पैशांचे कागद ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवतात. क्रम इथेच उलटा पडतो. व्हिसाच्या फायलीतला प्रत्येक कागद आधीच्या एखाद्या कागदावर उभा असतो आणि बहुतेक कागदांना स्वतःची मुदत असते: कोणता अठ्ठावीस दिवस मुरावा लागतो, कोणता सहा महिन्यांत निकामी होतो, तर कोणता एकदाच वापरता येतो. त्यामुळे पात्र आणि पैशाने भक्कम असलेल्या अर्जदाराचाही व्हिसा केवळ कागद चुकीच्या क्रमाने गोळा केल्यामुळे अडतो.

पुढील मांडणी पूर्णवेळ एमबीए किंवा व्यवस्थापनातील पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी आहे. अमेरिका आणि ब्रिटन यांच्या प्रक्रिया सविस्तर घेतल्या आहेत, कारण त्या दोन टोकांच्या आहेत. अमेरिकेत निर्णय मुख्यतः काही मिनिटांच्या मुलाखतीत होतो, ब्रिटनमध्ये तो मुख्यतः कागदांवर होतो. कॅनडा आणि इतर काही देशांचे नियम जिथे वेगळे पडतात तिथे त्यांचा उल्लेख केला आहे. रकमा २०२५ अखेरच्या आहेत आणि त्या वरचेवर बदलतात. म्हणून अर्ज करण्याच्या आठवड्यात त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर त्या ताडून पाहाव्यात.

टप्पा १: डिपॉझिट भरण्यापूर्वी अभ्यासक्रम व्हिसाच्या चौकटीत बसतो का ते पाहणे

जागा राखण्यासाठी भरलेले डिपॉझिट सहसा परत मिळत नाही. म्हणून व्हिसाचे पहिले काम डिपॉझिटच्या आधी येते, नंतर नव्हे.

अमेरिकेचा एफ-१ व्हिसा हा मान्यताप्राप्त संस्थेतील पूर्णवेळ शिक्षणासाठी असतो. शनिवार-रविवारी भरणारे एक्झिक्युटिव्ह एमबीए किंवा बहुतांश ऑनलाइन चालणारे अभ्यासक्रम या चौकटीत सहसा बसत नाहीत. ब्रिटनमध्ये अर्धवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रमाला विद्यार्थी व्हिसा मिळू शकतो, पण त्यावर काम करण्याची मुभा नसते. कॅनडात संस्था ‘नियुक्त शिक्षणसंस्थां’च्या यादीत असावी लागते, आणि शाळा क्वेबेक प्रांतात असेल, उदाहरणार्थ मॉन्ट्रियलमध्ये, तर स्टडी परमिटच्या आधी त्या प्रांताचे वेगळे स्वीकृतिपत्र घ्यावे लागते. इन्सियादसारख्या शाळेत फाँटेनब्लो आणि सिंगापूर अशा दोन केंद्रांवर शिकण्याची सोय आहे. तिचा लाभ घ्यायचा तर फ्रान्स आणि सिंगापूर या दोन्ही देशांची परवानगी वेगवेगळी लागते. एखाद्या सत्रासाठी तिसऱ्या देशात जाण्याची योजना असेल तर तिचाही हिशेब आताच करावा.

कुटुंब सोबत नेण्याचा प्रश्न एमबीएच्या विद्यार्थ्यांना इतरांपेक्षा अधिक पडतो, कारण अनेकांचे लग्न झालेले असते. तरी हा नियम बहुतेक जण सर्वांत शेवटी वाचतात. अमेरिकेत जोडीदार एफ-२ व्हिसावर येऊ शकतो, पण त्याला नोकरी करता येत नाही. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२४ किंवा त्यानंतर सुरू झालेल्या अध्यापनप्रधान पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या, म्हणजे एमबीएच्याही, विद्यार्थ्यांना जोडीदार व मुले अवलंबित म्हणून नेता येत नाहीत. ती सोय मुख्यतः संशोधन पदवीच्या आणि सरकारी शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांपुरती उरली आहे. कॅनडात २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराला खुला कामाचा परवाना मिळण्यासाठी विद्यार्थ्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम किमान १६ महिन्यांचा असावा लागतो. बारा महिन्यांचा एमबीए स्वस्त आणि झटपट वाटतो खरा. पण जोडीदाराचे उत्पन्न गृहीत धरून केलेला त्याचा हिशेब या एका अटीने कोलमडतो.

पडताळणी: अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे, संस्था त्या देशाच्या अधिकृत यादीत आहे आणि कुटुंबाबाबतचा नियम मान्य आहे, या तिन्ही गोष्टींचे उत्तर स्पष्ट ‘हो’ असल्याशिवाय डिपॉझिट भरू नये.

टप्पा २: तारखांचा उलटा तक्ता

एका कागदावर सर्वांत खाली अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख लिहावी आणि तिथून मागे मोजत वर यावे. बिझनेस स्कूलमध्ये प्रत्यक्ष वर्गांच्या आधी गणित, लेखाशास्त्र किंवा ओळखसत्रांचे एक-दोन आठवडे असतात. ही पूर्वतयारीची सत्रे अनिवार्य आहेत का, आणि व्हिसाच्या कागदावरची सुरुवातीची तारीख त्यांना धरून आहे का, हे शाळेच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारावे.

मागे मोजताना या मर्यादा उपयोगी पडतात. अमेरिकेचा विद्यार्थी व्हिसा अभ्यासक्रमाच्या ३६५ दिवस आधीपर्यंत मिळू शकतो, पण त्या व्हिसावर देशात प्रवेश मात्र सुरुवातीच्या तारखेआधी जास्तीत जास्त ३० दिवसच मिळतो. ब्रिटनचा अर्ज देशाबाहेरून करताना अभ्यासक्रमाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निकाल सामान्यतः तीन आठवड्यांत लागतो. परंतु त्याआधी पैसे अठ्ठावीस दिवस खात्यात असावे लागतात, आणि काही देशांच्या रहिवाशांना क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्रही लागते, जे सहा महिनेच चालते. कॅनडात बायोमेट्रिकचे पत्र आल्यावर ३० दिवसांत ठसे द्यावे लागतात.

बिझनेस स्कूलचे प्रवेश फेऱ्यांमध्ये होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या किंवा जानेवारीच्या फेरीत प्रवेश मिळालेल्यांकडे वेळ असतो. वसंतातल्या शेवटच्या फेरीत किंवा प्रतीक्षायादीतून प्रवेश मिळालेल्यांकडे तो नसतो, आणि उन्हाळ्यात मुलाखतींच्या तारखा सर्वांत दुर्मीळ असतात. शेवटच्या फेरीत अर्ज करणाऱ्याने पैशांची तयारी प्रवेशाचा निकाल येण्याआधीच सुरू केलेली बरी.

इशारा: व्हिसा हाती येईपर्यंत नोकरीचा राजीनामा देऊ नये, परतावा न मिळणारे विमानाचे तिकीट काढू नये आणि राहत्या घराचा करार मोडू नये.

टप्पा ३: पासपोर्ट आणि नाव

हा टप्पा छोटा आहे, पण यातली चूक पुढच्या प्रत्येक कागदावर उमटते. पासपोर्टची मुदत अभ्यासक्रम संपल्यानंतरही पुरेशी शिल्लक असावी. ती संपत आली असेल तर शाळेकडे व्हिसाचा कागद मागण्यापूर्वी नूतनीकरण करून घ्यावे, कारण जुना पासपोर्ट क्रमांक त्या कागदावर एकदा छापला गेला की दुरुस्तीसाठी पुन्हा शाळेच्या दारात उभे राहावे लागते.

नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच सर्वत्र लिहावे: प्रवेश अर्ज, बँक, कर्ज, विमा, सगळीकडे. पदवी प्रमाणपत्रावर किंवा लग्नानंतर नाव वेगळे असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचा अधिकृत कागद सोबत ठेवावा. पासपोर्टवर नावाच्या रकान्यात काहीच नसून फक्त आडनावाच्या रकान्यात मजकूर असेल, तर अमेरिकेच्या अर्जात पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ ही तीन अक्षरे (FNU, म्हणजे पहिले नाव अज्ञात) लिहायची असतात. तिथे मनाने नाव तोडून दोन रकान्यांत वाटू नये.

टप्पा ४: पैसे

बरेच नकार आणि बरेच गैरसमज या टप्प्यात आहेत. व्हिसा अधिकारी तीन गोष्टी पाहतो: रक्कम पुरेशी आहे का, ती कोणाची आहे आणि ती आली कुठून. अर्जदार सहसा पहिल्याच प्रश्नाची तयारी करून जातात.

ब्रिटनचा हिशेब सूत्रबद्ध आहे. कॅसवर, म्हणजे शाळेने व्हिसासाठी दिलेल्या प्रवेशाच्या पुष्टीवर, नोंदलेल्या पहिल्या वर्षाच्या शुल्कापैकी न भरलेली रक्कम, अधिक राहण्याचा खर्च. ११ नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनमध्ये दरमहा १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरला जातो आणि तो जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा दाखवायचा असतो. म्हणजे लंडनसाठी १३,७६१ आणि बाहेरसाठी १०,५३९ पौंड. समजा लंडनमधल्या शाळेचे शुल्क ६०,००० पौंड आहे आणि त्यातले २०,००० भरले आहेत, तर खात्यात दाखवायची रक्कम ५३,७६१ पौंड होते. भरलेले शुल्क कॅसवर नोंदले गेले नसेल तर पावती जपून ठेवावी. शाळेच्या वसतिगृहासाठी भरलेली रक्कम वजा होते, पण ती लंडनच्या एका महिन्याच्या रकमेइतकीच.

ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांच्या आत यावा लागतो. इथे ‘सरासरी शिल्लक’ चालत नाही. एका दिवशी, एका तासासाठी जरी शिल्लक आवश्यक रकमेखाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. मधल्या काळात त्याच खात्यातून शुल्काचा हप्ता भरणे ही नेहमीची चूक आहे. हप्ता भरायचाच असेल तर तो २८ दिवस सुरू होण्यापूर्वी भरावा. दुसरी चूक विनिमय दराची. खाते दुसऱ्या चलनात असेल तर अधिकारी अर्जाच्या तारखेचा ओआंडा या विनिमय दरांच्या संकेतस्थळाचा दर लावतात, आपल्या बँकेचा नव्हे. दर चार दिवसांत घसरू शकतो, म्हणून आवश्यक रकमेपेक्षा काही टक्के जास्त रक्कम ठेवावी. नेमकी तेवढीच रक्कम ठेवणे ही काटकसर नसून जुगार आहे.

पैसे अर्जदाराचे स्वतःचे किंवा आई-वडिलांचे अथवा कायदेशीर पालकांचे असावेत. आई-वडिलांच्या खात्यासाठी जन्मदाखला आणि त्यांचे संमतिपत्र, दोन्ही लागतात. काका, मोठा भाऊ किंवा सासरे यांच्या खात्यातला पैसा कितीही असला तरी इथे मोजला जात नाही. तो वेळेत, म्हणजे २८ दिवस सुरू होण्याआधी, पात्र खात्यात आला पाहिजे आणि तो का व कसा आला हे सांगता आले पाहिजे. शेअर, घरजागा आणि ओव्हरड्राफ्टची मर्यादा या गोष्टी रोख शिलकीची जागा घेत नाहीत.

अमेरिकेत असे सूत्र नाही. आय-२० वर, म्हणजे शाळेने व्हिसासाठी दिलेल्या कागदावर, एका शैक्षणिक वर्षाचा अंदाजी खर्च आणि त्यासमोर पैशांचे स्रोत छापलेले असतात. मुलाखतीला नेलेले कागद त्या विभागणीशी जुळले पाहिजेत. आय-२० वर कर्ज लिहिले आहे आणि हातात मात्र वडिलांच्या ठेवींचे कागद आहेत, असे दिसले की अधिकाऱ्याला पुढचा प्रश्न विचारावाच लागतो. परिस्थिती खरोखर बदलली असेल तर शाळेकडून सुधारित आय-२० मागावा. दोन वर्षांच्या एमबीएला दुसऱ्या वर्षाचे पैसे कुठून येतील, याचेही एका वाक्यातले खरे उत्तर तयार असावे. ‘तिथे काम करून भागवीन’ हे ते उत्तर नव्हे.

कॅनडात पहिल्या वर्षाचे शुल्क आणि प्रवासखर्च यांखेरीज एकट्या विद्यार्थ्याला राहण्यासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. हा आकडा १ सप्टेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना लागू आहे आणि क्वेबेकचा हिशेब वेगळा आहे. जर्मनीत ‘रोखलेल्या खात्या’त (ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते) वर्षाला ११,९०४ युरो ठेवण्याचा मार्ग रूढ आहे. फ्रान्समध्ये किमान दरमहा ६१५ युरो.

शैक्षणिक कर्ज बहुतेक ठिकाणी चालते, पण ‘तत्त्वतः मंजुरी’चे पत्र आणि अंतिम मंजुरीचे पत्र यांत फरक आहे. पत्रात विद्यार्थ्याचे नाव, रक्कम, तारीख आणि रक्कम देण्याच्या अटी स्पष्ट असाव्यात. ब्रिटनसाठी हे पत्र अर्जाच्या तारखेला सहा महिन्यांहून जुने नसावे, आणि कर्जाची रक्कम प्रवासाआधी उपलब्ध होईल किंवा थेट संस्थेला दिली जाईल असे त्यात म्हटलेले असावे.

पडताळणी: मागील सहा महिन्यांच्या खातेउताऱ्यातील प्रत्येक मोठ्या जमेवर पेन्सिलने खूण करावी आणि समोर त्या रकमेचा स्रोत लिहावा. ज्या खुणेसमोर काही लिहिता येत नाही, तोच प्रश्न मुलाखतीत येईल असे धरून चालावे.

टप्पा ५: संस्थेकडून येणारा कागद

ऑफर लेटर हा व्हिसाचा कागद नव्हे. अमेरिकेसाठी आय-२०, ब्रिटनसाठी कॅस क्रमांक, ऑस्ट्रेलियासाठी नोंदणीची पुष्टी, असे देशागणिक वेगळे कागद असतात, आणि ते डिपॉझिट व पैशांचे पुरावे दिल्यावरच मिळतात.

आय-२० आल्यावर नाव, जन्मतारीख, जन्मदेश, पदवीची पातळी, सुरुवातीची व शेवटची तारीख आणि रकमा ओळीने वाचाव्यात, मगच विद्यार्थ्याच्या जागी सही करावी. सही न केलेला आय-२० घेऊन मुलाखतीला जाणारे अजूनही आढळतात. एमबीएच्या विद्यार्थ्याने आणखी एक ओळ वाचावी: अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक. ५२.०२०१ हा सर्वसाधारण व्यवसाय प्रशासनाचा क्रमांक आहे, ५२.१३०१ हा व्यवस्थापन विज्ञानाचा क्रमांक असून तो विज्ञान-तंत्रज्ञान यादीत मोडतो. पदवीनंतरच्या बारा महिन्यांच्या कामाच्या मुभेला आणखी २४ महिने जोडता येतील की नाही, हे या क्रमांकावर ठरते. पुस्तिकेत काय छापले आहे याला महत्त्व नाही, आय-२० वरचा क्रमांक खरा.

दोन शाळांचे आय-२० आले असतील तर प्रत्येकावर ‘एन’ अक्षराने सुरू होणारा वेगळा सेव्हिस क्रमांक असतो (सेव्हिस ही परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारी नोंदप्रणाली). शुल्क आणि अर्ज दोन्ही एकाच क्रमांकावर करावेत. प्रतीक्षायादीतून नंतर दुसऱ्या शाळेत जागा मिळाली, तर आधी भरलेले सेव्हिस शुल्क नव्या क्रमांकाकडे वळवता येते. पण पहिल्यांदा देशात शिरताना व्हिसावर नोंदलेली शाळा आणि हातातला आय-२० एकाच शाळेचे असावेत, हे विसरू नये.

कॅस सहा महिने चालतो आणि एकाच अर्जासाठी वापरता येतो. प्रवेश देताना शाळेने ज्या प्रमाणपत्रांचा आधार घेतला त्यांची नोंद कॅसमध्ये असते. अर्जासोबत नेमकी तीच प्रमाणपत्रे लागू शकतात. इंग्रजीच्या परीक्षेबाबत अकारण धावपळ होते. पदवी आणि त्यावरील अभ्यासक्रमांसाठी विद्यापीठ इंग्रजीची पातळी स्वतः तपासून कॅसमध्ये तसे लिहू शकते, म्हणून वेगळी परीक्षा देण्याआधी शाळेला विचारावे.

टप्पा ६: अर्ज भरणे

अमेरिकेच्या डीएस-१६० या अर्जाचे पान सुमारे वीस मिनिटे हालचाल नसेल तर बंद होते. अर्ज उघडताच मिळणारा क्रमांक लिहून ठेवावा आणि प्रत्येक पान जतन करीत जावे. मागील पाच वर्षांतील नोकऱ्या, परदेशप्रवास आणि वापरलेली समाजमाध्यमांची खाती अर्जात विचारलेली असतात. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना ही खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्याची सूचना आहे. इथे राजकीय मतांचीच चर्चा जास्त होते, पण एमबीएच्या अर्जदाराची अडचण बहुधा साधी असते. लिंक्डइनवर नोकरी मार्चमध्ये सुरू झालेली असते, अर्जात जानेवारीत, आणि नियुक्तिपत्रावर तिसरीच तारीख असते. पदनामही तसेच, रेझ्युमेवर ‘व्यवस्थापक’, नोकरीच्या पत्रावर ‘सहयोगी’. प्रवेशासाठी थोडे फुगवलेले शब्द इथे अंगावर येतात. अर्ज भरण्याआधी रेझ्युमे, लिंक्डइन आणि नोकरीची पत्रे शेजारी ठेवून एकच खरी यादी करावी, आणि तीच सर्वत्र वापरावी.

कॅनडाच्या अर्जासोबतचे स्पष्टीकरणपत्र महत्त्वाचे असते, कारण तिथे बहुतेकदा मुलाखत होत नाही. अनुभवी माणूस मधेच नोकरी सोडून का शिकतो आहे, हाच देश व हीच शाळा का, आणि पदवीनंतर पुढे काय, एवढ्या तीन मुद्द्यांवर दीड-दोन पाने पुरतात. प्रवेशासाठी लिहिलेला निबंध तसाच चिकटवू नये. तो शाळेला पटवण्यासाठी होता, इथले प्रश्न वेगळे आहेत.

इशारा: पूर्वी नाकारलेला व्हिसा, मुदतीहून जास्त झालेला मुक्काम किंवा अटक यांसारखी गोष्ट लपवू नये, आणि दुसऱ्याने भरून दिलेला अर्ज स्वतः वाचल्याशिवाय पाठवू नये. खोट्या माहितीबद्दल अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते, ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत आणि कॅनडात पाच वर्षे. अर्ज एजंटने भरला होता, ही सबब कुठेही चालत नाही.

टप्पा ७: शुल्क, तपासणी, अपॉइंटमेंट

अमेरिकेत क्रम असा: आय-२०, मग ३५० डॉलरचे सेव्हिस शुल्क, मग डीएस-१६०, मग १८५ डॉलरचे व्हिसा शुल्क आणि अपॉइंटमेंट. सेव्हिस शुल्क मुलाखतीच्या किमान तीन कामकाजाच्या दिवसांआधी भरावे आणि पावती छापून घ्यावी. चूक दुरुस्त करण्यासाठी डीएस-१६० नव्याने भरला असेल तर अपॉइंटमेंटच्या नोंदीतला बारकोड क्रमांकही बदलावा. दोन्ही जुळले नाहीत तर दारातूनच परत पाठवले जाऊ शकते. अपॉइंटमेंट स्वतःच्या नागरिकत्वाच्या किंवा कायदेशीर वास्तव्याच्या देशात घ्यावी. दुसऱ्या देशात लवकरची तारीख मिळते म्हणून तिथे जाण्याची जुनी युक्ती सप्टेंबर २०२५ पासून उपयोगाची राहिलेली नाही.

ब्रिटनच्या आरोग्य अधिभाराचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. तो वर्षाला ७७६ पौंड आहे, पण अभ्यासक्रमाच्या नव्हे तर व्हिसाच्या एकूण मुदतीवर आकारला जातो. बारा महिन्यांच्या एमबीएला आधीचा एक आणि नंतरचे चार महिने धरून व्हिसा सुमारे सतरा महिन्यांचा होतो, त्यामुळे अधिभार दीड वर्षाचा, म्हणजे १,१६४ पौंड भरावा लागतो. ही रक्कम त्याच २८ दिवसांच्या खात्यातून भरताना आधी शिल्लक मोजावी.

टप्पा ८: मुलाखत

अमेरिकेच्या कायद्यातील कलम २१४(ब) नुसार अर्जदाराला कायमचे स्थायिक व्हायचे आहे असे गृहीत धरूनच सुरुवात होते, आणि तसे नाही हे पटवण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. मिळणारा वेळ दोन-तीन मिनिटांचा. कागदांचा गठ्ठा बहुधा उघडलाच जात नाही, म्हणून पहिल्या दोन उत्तरांना फार वजन असते.

एमबीएच्या अर्जदाराला विचारला जाणारा मुख्य प्रश्न साधारण एकच असतो, मग शब्द काहीही असोत: चांगली नोकरी असताना एवढा खर्च करून आता का? ‘मला नेतृत्वगुण विकसित करायचे आहेत’ हे उत्तर अधिकाऱ्याने त्या सकाळी अनेकदा ऐकलेले असते. त्याऐवजी असे सांगता येईल: ‘मी सहा वर्षे पुरवठा साखळीत काम करतो आहे आणि गेली तीन वर्षे गोदामांचे नियोजन माझ्याकडे आहे. खरेदीचे आणि किमतीचे निर्णय घेणाऱ्या पदावर जायचे तर मला वित्त शिकावे लागेल, आणि या शाळेत ते ऑपरेशन्ससोबत घेता येते.’ यात बढाई नाही, पण माणूस दिसतो. स्वतःच्या कामातला एक ठोस तपशील, शाळेतला एक ठोस तपशील आणि त्या दोहोंना जोडणारे कारण, एवढे पुरे. मानांकनाचा क्रमांक सांगून शाळेची निवड सिद्ध होत नाही.

पुढील योजनेबद्दल विचारल्यावर अनेक जण गोंधळतात. शाळेच्या निबंधात ‘न्यूयॉर्कमध्ये सल्लागार कंपनीत स्थिरावणार’ असे लिहिलेले असते आणि खिडकीसमोर ‘पदवी मिळताच परतणार’ असे सांगितले जाते. खोटे बोलण्याची गरज नाही. पदवीनंतरचे मर्यादित प्रशिक्षण कायदेशीर आहे. मात्र त्यानंतर परत कुठे, कोणत्या क्षेत्रात आणि कोणत्या पदावर जाणार, हे चित्र स्वतःच्या मनात स्पष्ट असले पाहिजे. कंपनी रजा देऊन पाठवत असेल, कुटुंबाचा व्यवसाय असेल किंवा आधीच्या वरिष्ठांशी परतण्याबद्दल बोलणे झाले असेल, तर ते आपणहून सांगावे.

उत्तरे पाठ करू नयेत. पाठ केलेले उत्तर मधेच तोडले गेले की माणूस पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतो, आणि ते ताबडतोब लक्षात येते. माझ्या मते सराव करायचा तर ज्याला व्यवस्थापनातले काही कळत नाही अशा माणसासमोर करावा. त्याला कारण पटले तर अधिकाऱ्यालाही पटण्याची शक्यता वाढते.

ब्रिटनमध्येही काही अर्जदारांना व्हिडिओवरून मुलाखतीला बोलावले जाते. तिथे अभ्यासक्रमाचे विषय, मूल्यमापनाची पद्धत, शुल्क आणि राहण्याची सोय असे माहितीचे प्रश्न जास्त असतात. एजंटने शाळा निवडून दिलेले विद्यार्थी इथे सापडतात.

टप्पा ९: निकाल

अमेरिकेत २२१(ग) ची चिठ्ठी मिळाली तर तिचा अर्थ कागद अपुरे आहेत किंवा पुढील तपासणी चालू आहे असा असतो. मागितलेले तेवढेच, आणि चिठ्ठीत सांगितलेल्या मार्गानेच पाठवावे. त्याच वेळी शाळेला कळवून उशिरा रुजू होण्याची शेवटची तारीख विचारून ठेवावी.

२१४(ब) खाली नकार मिळाल्यास अपील नसते. पुन्हा अर्ज कधीही करता येतो, पण नवा डीएस-१६० आणि नवे व्हिसा शुल्क लागते. सेव्हिस शुल्क मात्र त्याच प्रकारच्या व्हिसासाठी बारा महिन्यांत पुन्हा भरावे लागत नाही. काहीही न बदलता आठवड्याभरात पुन्हा रांगेत उभे राहणे व्यर्थ आहे. मुलाखत संपल्यावर प्रश्न आणि आपली उत्तरे लगेच लिहून काढावीत आणि कुठे धागा तुटला ते पाहावे. ब्रिटनमध्ये नकारपत्रात कारण लिहिलेले असते. अधिकाऱ्याची चूक असेल तर देशाबाहेरच्या अर्जदाराला २८ दिवसांत प्रशासकीय पुनर्विलोकन मागता येते. चूक आपली असेल तर नवा कॅस घेऊन नवा अर्ज करणे हाच मार्ग उरतो.

टप्पा १०: व्हिसा मिळाल्यावर

पासपोर्ट परत येताच नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, प्रवर्ग आणि शाळेची नोंद तपासावी. ब्रिटनमध्ये आता ई-व्हिसा असतो. त्याचे ऑनलाइन खाते उघडून चालू पासपोर्ट त्याला जोडलेला आहे याची खात्री निघण्यापूर्वी करावी. आय-२०, प्रवेशपत्र, पैशांचे पुरावे आणि शुल्काच्या पावत्या हातातल्या बॅगेत ठेवाव्यात, सामानात नव्हे. सीमेवरचा अधिकारी तेच प्रश्न पुन्हा विचारू शकतो.

अमेरिकेत पोहोचल्यावर ऑनलाइन आय-९४, म्हणजे देशात प्रवेशाची सरकारी नोंद, काढून प्रवर्ग एफ-१ लागला आहे का ते पाहावे आणि शाळेच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात लगेच हजेरी द्यावी, कारण अभ्यासक्रमाच्या सुरुवातीपासून ३० दिवसांत शाळेला सेव्हिसमध्ये नोंदणी करावी लागते. फ्रान्समध्ये दीर्घ मुदतीचा व्हिसा पोहोचल्यापासून तीन महिन्यांत ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो. स्पेनमध्ये सहा महिन्यांहून अधिक मुक्काम असेल तर परदेशी ओळखपत्रासाठी एका महिन्यात अर्ज करायचा असतो. कॅनडात घरी आलेले पत्र म्हणजे परमिट नव्हे; खरे स्टडी परमिट विमानतळावर छापून मिळते. ते हातात येताच तिथेच उभे राहून शेवटची तारीख आणि कामाची मुभा या दोन ओळी वाचाव्यात, आणि चूक दिसली तर समोरच्या अधिकाऱ्याला तेव्हाच दाखवावी, कारण बाहेर पडल्यावर त्याच दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो.